नॉर्वेतील विजेवरची फेरीबोट आणि किनाऱ्यावरच्या बॅटऱ्या

प्रश्न: नॉर्वेतील सोग्नेफ्योर्डमध्ये लाविक आणि ओपेदाल या गावांदरम्यान ‘अँपिअर’ ही पूर्णपणे बॅटरीवर चालणारी फेरीबोट २०१५ मध्ये सुमारे १२० मोटारी घेऊन ये-जा करू लागली. धक्क्यावर जेमतेम दहा मिनिटे मिळत असताना तिच्यात एवढी वीज कशी भरली जाते? आणि महासागर ओलांडणाऱ्या जहाजांना हेच तंत्र का लागू पडत नाही?

पहिले उत्तर: त्या लहान गावांतील वीजजाळ्याला एवढा अचानक भार सोसवत नाही, म्हणून दोन्ही धक्क्यांवर बॅटरीसंच बसवले, बोट दूर असताना ते जाळ्यातून सावकाश भरतात आणि ती येताच साठवलेली वीज तिला देतात. माझ्या मते श्रेय बोटीच्या हलक्या, ॲल्युमिनियमच्या, शेजारी शेजारी दोन अरुंद तळ असलेल्या सांगाड्यालाही द्यायला हवे, कारण पाण्याचा विरोध कमी झाला की बॅटरीही लहान पुरते.

दुसरे उत्तर: महासागरी जहाजांची अडचण बॅटरीच्या वजनाची आहे. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते, तर एक किलो लिथियम बॅटरीत त्याचा साठावा हिस्सा किंवा थोडी अधिक. विजेची मोटर ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा कामी लावते आणि जहाजाचे मोठे डिझेल इंजिन साधारण निम्मी, तरीही ही दरी भरून निघत नाही.

तिसरे उत्तर: अवजड वाहनांत मात्र उतार मदतीला येतो. स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळच्या खाणीतील विजेवरचा डंपर डोंगरावरून मालाने भरलेला उतरतो आणि रिकामा चढतो. उतरताना मोटरच जनित्र बनून ब्रेकचे काम करते आणि बॅटरी भरते.