सरकार कामगाराचं का मालकाचं? आपापले अनुभव लिहा

धागाकर्ता:
परवा टपरीवर दोघं हमरीतुमरीवर आले होते, एक म्हणे सरकार गरिबाला सगळं फुकट वाटतंय, दुसरा म्हणे सरकार शेठलोकांच्या खिशात. मी युनियन ऑफिसात वीस वर्षं लोकांचे फॉर्म भरून दिलेत, त्यामुळे माझं मत पक्कं आहे, सरकार कामगाराला जे देतं ते भांडल्यावरच देतं आणि देताना मधे एक दाखला अडकवून ठेवतं, आणि त्या दाखल्यावर सही नेमकी मालकाची लागते. असो. तुमच्या घरात घडलेलं लिहा, भाषणं नकोत, ती गरज पडली तर मी देईन.

गवंड्याचा पोरगा:
आमचे आण्णा गवंडी. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला पाहिजे. ज्या साइटवर सात महिने घातले तिथला ठेकेदार म्हणाला, देतो की, पण उद्या तुम्ही पीएफ मागायला याल. नाहीच दिला. ग्रामसेवक म्हणाले काम शहरात केलं ना, मग मी कसा देऊ. शेवटी एक एजंट भेटला, बाराशे रुपये घेतले आणि संध्याकाळी दाखला हातात, त्यावर ज्या इंजिनिअरची सही आहे त्याला आण्णांनी जन्मात बघितलेलं नाही. म्हणजे खरा गवंडी खोट्या कागदावर कामगार झाला. मंडळाकडून भांड्यांचा संच आला, कुकर चांगलाय, खोटं का बोला. पैसा सरकारच्या पदरचा नाही हां, बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर घेतात त्यातला. गंमत म्हणजे आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडेपण सेम कुकर आहे. त्याने आयुष्यात थापी धरलेली नाही.

लालबागची:
बाबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत, आईने घरातच डबे करायला घेतले ते पुढे पंधरा वर्षं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करताना सिद्ध करायचं होतं की 1 जानेवारी 1982 ला किंवा नंतर बाबा कामावर होते. दाखला कोण देणार? गिरणीच्या जागी टॉवर, गेटवरचा सिक्युरिटीवाला विचारतो किसके यहां जाना है. पत्र्याच्या ट्रंकेत बाबांचं गिरणीतलं कामगार-तिकीट सापडलं म्हणून निभावलं. आणि तिकडे जमिनीचं बघा, 1991 च्या मुंबईच्या विकास नियमात विकासाला काढलेल्या गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते, महापालिका, म्हाडा आणि मालक. 2001 ला दुरुस्ती केली की वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे, शेड उभ्या आहेत ती जमीन धरायची नाही. संपला विषय, कारण गिरणीत शेडच शेड. मालकांना कोणी ट्रंक उघडायला लावली नाही. अर्ज आता वारस म्हणून माझ्या नावावर आहे, नंबर लागायचाय.

मार्केटवाला:
सगळंच रडगाणं नको. वडील माथाडी, म्हणजे हमाल, वाशीला बटाटा-कांद्याच्या टोळीत. 1969 चा माथाडी कायदा झाला म्हणून व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, माथाडी मंडळात भरतो, मंडळ वडलांना मजुरी देतं आणि लेव्हीतून पीएफ, बोनस. कुठल्या शेठची सही मागायला वडील कधी गेले नाहीत. मी शिकलो तो त्याच पैशावर. आता माथाडीच्या नावाखाली खंडण्या उकळणारे आहेत, नाही कोण म्हणतं, पण त्यांच्या नावाने कायदाच मोडीत काढायला निघालेले पण बघतोय.

धागाकर्ता:
मार्केटवाले, तेच म्हणतोय मी. मधे मंडळ उभं केलं की मालकाच्या दारात जावं लागत नाही. आणि ते काय कोणी खुशीने दिलं नाही, अण्णासाहेब पाटलांनी पाठीवर ओझं वाहणाऱ्यांना उभं केलं तेव्हा मिळालं.

माणदेशी:
थोडं वेगळं. आजी बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला जायची, तिथे मिळणारी सुकडी खाऊन पोरं जगली, माझा बाप त्यातलाच एक. तिच्यासाठी सरकार म्हणजे मस्टरवाला, म्हणजे हजेरी मांडणारा बाबू, आणि तो तिला देवमाणूस वाटायचा. तुमच्या पगारातून पीटीचे, म्हणजे व्यवसाय कराचे 200 कापतात ना, तो कर 1975 ला रोहयोच्या, म्हणजे रोजगार हमीच्या पैशासाठीच लावला होता. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराची मजुरी भरायची, याच्याहून समाजवादी काय असतं सांगा. आता मात्र काम मागायचा नमुना 4 भरला तरी तारखेची पोच देत नाहीत. पोच दिली की पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकारभत्ता. म्हणून देत नाहीत.

आशाताई:
आमचं सोपंय. आम्ही आशा, घरोघर आरोग्याचं काम करणाऱ्या. आम्हाला कामगारच म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात, आणि पगार नाही, मोबदला. दाखल्याचा प्रश्नच मिटला 😀 रात्री दोनला बाळंतीण घेऊन रिक्षा मीच शोधते.

लेथवाला:
31 वर्षं लेथवर. ईपीएस पेन्शन, म्हणजे पीएफवाल्यांचं, महिन्याला 1640 येतं, कमीत कमी 1000 हे 2014 ला ठरलं ते अजून तेवढंच. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. गेल्या वेळी मशीन अंगठा घेईना, दहाही बोटं झाली, ऑपरेटर पोरगी म्हणाली काका रेषाच नाहीत, घासून गेल्यात. व्हॅसलीन लावून या म्हणाली. दोनदा जाऊन आलो, येताजाता रिक्षाचे ऐंशी. मग शेजारच्या पोराने मोबाईलवर चेहरा दाखवून केलं, तेही चष्मा काढायला लावून तिसऱ्या फेरीत.