माणसाच्या वयाला कमाल मर्यादा आहेच!

वाईकर: परवा प्राचीताईंनी लिहिलं, '१५० वर्षं जगणारा माणूस आज जन्मलेला आहे, मर्यादा वगैरे सगळं थोतांड.' वाचून राहवेना. फ्रान्समधल्या आर्लच्या जान काल्माँ १९९७ साली गेल्या, १२२ वर्षांच्या होऊन. त्यानंतर जगात शंभरी ओलांडणारे कितीतरी पटींनी वाढले, पण तिथवर कुणी पोचलं नाही. जपानच्या काने तानाका ११९ला गेल्या, पुरुषांत किमुरा ११६ला. सरासरी आयुर्मान वाढलं ते बरंचसं बाळं दगावायची थांबली म्हणून. त्याने म्हातारपण लांबत नाही.

प्राची: इटलीतल्या १०५च्या पुढच्या ३,८०० हून जास्त लोकांच्या नोंदी तपासून २०१८ साली अभ्यास आला, तो वाचलात का? त्या वयानंतर मरणाची शक्यता वाढायची थांबते, वर्षाला साधारण निम्म्यावर स्थिरावते. मग मर्यादा कुठे आली?

वाईकर: निम्म्यावर म्हणजे दरवर्षी नाणेफेक! १०५ वर्षांच्या हजारांतला दहा वर्षांनी एखादाच उरणार. १२५ गाठायला अशी दहा लाख माणसं हवीत. आणायची कुठून?

प्राची: म्हणजे माणसं कमी पडतात, शरीर नाही. माझंच म्हणणं सिद्ध केलंत.

हेडमास्तर (निवृत्त): तुम्ही दोघं ज्या वयांवर भांडताय ती खरी कशावरून? २०१०मध्ये टोकियोत १११ वर्षांचे म्हणून नोंद असलेले गृहस्थ घरातच मृत सापडले, जाऊन तीसेक वर्षं झालेली. पेन्शन चालू! पुढे जपानभर शोध घेतला तर शंभरीपारच्या दोन लाखांहून जास्त नोंदींची माणसंच सापडेनात. आपल्याकडे तर निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला.

सांगलीचा संदीप: तो १ जून लावला कुणी, सर? तुमच्यासारख्या मास्तरांनीच. माझ्या वडिलांचं वय दाखल्यावर दोन वर्षं जास्त लागलं. धडधाकट माणूस दोन वर्षं आधी घरी बसला. माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष कर्जावर निघालं.

हेडमास्तर (निवृत्त): आईबाप सांगायचे, 'पटकीच्या साली झाला.' कागद एकाकडे नसायचा. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला टेकला की पोर पहिलीत. तारीख न लावता तुमच्या वडिलांना बाहेर उभं ठेवायला हवं होतं का?

संदीप: ग्रामपंचायतीत जन्माची नोंद होती! पुढे आम्हीच शोधून काढली. बदलून द्या म्हणून किती खेटे घातले, साहेब म्हणाले सेवापुस्तकात आहे तेच खरं. तुमची पाच मिनिटं वाचली, आमची दोन वर्षं गेली.

हेडमास्तर (निवृत्त): नोंद असताना पाहिली नसेल तर चुकलंच त्यांचं. पण सगळ्या मास्तरांना एका दावणीला बांधू नका.

मंदाकाकू: अहो, सगळ्याच नोंदी खोट्या नसतात. महर्षी कर्वे १८५८ ते १९६२, चांगले १०४ वर्षं जगले, शंभरीत भारतरत्न घेतलं.

वाईकर: १०४वर वाद नाहीच, काकू. प्राचीताई, १२५चा होईलही एखादा, तेवढं सोडतो. १५० नाही.

प्राची: 'होईलही' म्हणालात ना? मग ती मर्यादा कसली? ऑस्टॅड आणि ओल्शान्स्की या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००० साली याच १५०वर पैज लावली आहे, निकाल २१५०मध्ये. मी ऑस्टॅडच्या बाजूने. शब्द मागे घेणार नाही.

संदीप: ते २१५०चं राहू द्या. सेवापुस्तकातली जन्मतारीख निवृत्तीनंतर कुणाची दुरुस्त झाली आहे का? झाली असेल तर कोणते कागद लागले तेवढं सांगा.