सोसायट्यांची देखभाल बिले पाठवताना येणारा ४२१ प्रतिसाद

अंधेरीकर:
आमची कंपनी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवते. महिन्याच्या १ तारखेला सकाळी सर्व सभासदांची देखभाल बिले पीडीएफ जोडून आमच्याच पोस्टफिक्स (मेल पाठवणारे सॉफ्टवेअर) सर्व्हरवरून जातात. सुरुवातीचे मेल सुरळीत पोहोचतात. मग एका मोठ्या ईमेल सेवेकडून ४२१ हा प्रतिसाद (आत्ता मेल घेत नाही, नंतर पाठवा) येऊ लागतो, बाकीची बिले रांगेत अडकतात आणि दुपारपासून सेक्रेटरींचे फोन सुरू होतात. आणखी काही आयपी पत्ते (सर्व्हरचे इंटरनेटवरील क्रमांक) घेऊन भार वाटून दिल्यास ही मर्यादा टळेल का?

परळचा सर्व्हरवाला:
आयपी वाढवू नका. नव्या पत्त्याला पूर्वेतिहास नसल्यामुळे त्याला मर्यादा आणखी लवकर लागते, शिवाय एकसारखे मेल अनेक कोऱ्या पत्त्यांवरून सोडणे ही स्पॅमवाल्यांचीच रीत आहे. ४ ने सुरू होणारा प्रतिसाद तात्पुरता नकार असतो, ५ ने सुरू होणारा कायमचा. तात्पुरत्या नकारानंतर साधारणपणे किमान ३० मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करावा आणि ४-५ दिवस तरी मेल सोडून देऊ नये, असे आरएफसी ५३२१ हे ईमेल पाठवण्याच्या नियमांचे मानक सांगते. त्यामुळे एखादी स्क्रिप्ट ४२१ येताच तोच मेल पुन्हा ढकलत असेल, तर ती आधी बंद करावी. पोस्टफिक्स एका डोमेनकडे एकाच वेळी २० पर्यंत जोडण्या उघडू शकतो. त्या सेवेपुरती वेगळी वाट करून हा आकडा दोन-तीनवर आणा. आणि बिल भरायला पुरेशी मुदत असताना ते सगळ्यांना एकाच सकाळी मिळावे, हा हट्ट कशासाठी? सोसायट्यांचे गट पाडून दोन-तीन दिवसांत पाठवा.

ठाणे लोकल:
वेग कमी करूनही त्रास राहिला, तर पत्त्यांची यादी तपासा. दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरोखर त्या डोमेनचाच आहे हे पटवणाऱ्या नोंदी) बंधनकारक केले आहे; स्पॅम तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवावे आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नये, असेही त्यात आहे. आपल्याकडे या तक्रारी येतात कुठून, तर ११ महिन्यांचा करार संपवून गेलेल्या भाडेकरूंकडून. सदनिका १२०४ चे बिल वर्षभरानंतरही जुन्या भाडेकरूला जात राहते, आणि तो बिचारा शेवटी ‘स्पॅम’चे बटण दाबतो. कराराची अखेरची तारीख नोंदवून त्या दिवशी तो पत्ता आपोआप वगळा. ५५० (कायमचा नकार, बहुधा पत्ताच अस्तित्वात नाही) येणारे पत्तेही पुन्हा वापरू नका.

अंधेरीकर:
गट पाडणे जमेल. परंतु वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीला १४ पूर्ण दिवसांची मुदत लागते. ती बिलांच्या मागे अडकली तर काय करावे?

परळचा सर्व्हरवाला:
नोटिसा आणि ओटीपी यांची रांग बिलांपासून वेगळी ठेवा, शक्यतो स्वतंत्र उपडोमेन आणि स्वतंत्र आयपीवर, म्हणजे बिलांच्या आयपीवर मर्यादा आली तरी त्यांना खोळंबावे लागणार नाही. मात्र त्या नव्या आयपीवरून पहिले काही आठवडे थोडेथोडेच मेल सोडा.