अपडेट चालू राहू दे, पण विंडोजची सततची सूचना थांबवायची आहे. कशी?

जमाखर्च

ऑफिसात दोन मशीन आहेत. एक विंडोज ११ प्रो, दुसरं विंडोज १० होम (२२एच२). दोन्हींवर टॅली आणि जीएसटीचं काम चालतं, नेट बहुतेक वेळा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून.

११ वर दिवसभर 'रीस्टार्ट करा' अशी चौकट उजव्या कोपऱ्यात येत राहते आणि घड्याळाशेजारचा नारिंगी ठिपका जातच नाही. मशीन रोज संध्याकाळी शट डाउन होतं, तरी सकाळी पुन्हा तेच. १० वर अधूनमधून विंडोज ११ घ्या असं सांगणारा पूर्ण स्क्रीन येतो. त्यात जावाच्या अपडेटची खिडकी वेगळीच. सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'विंडोज अपडेट' डिसेबल केलं, तर काही दिवसांनी ते आपोआप चालू झालेलं दिसतं. सुरक्षेचे अपडेट हवेतच, फक्त ऐन विवरणपत्रांच्या तारखांना ही कटकट नको. नेमकं कुठे काय बदलायचं?

खटपट्या

सर्व्हिस डिसेबल करण्याचा नाद आधी सोडा. विंडोजमध्ये 'अपडेट मेडिक' नावाची दुसरी सर्व्हिस असते. अपडेटची यंत्रणा बंद पडलेली दिसली की ती पुन्हा चालू करणं हेच तिचं काम. शिवाय अपडेटची सर्व्हिस बंद असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून काही उतरवताना ८००७०४२२ ही त्रुटी येते आणि मग दोष स्टोअरचा समजून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. तेव्हा ती सर्व्हिस पूर्ववत 'मॅन्युअल'वर ठेवा.

आता ११ च्या चौकटीचं मूळ. अपडेट उतरून, बसून तयार आहे आणि फक्त रीस्टार्टची वाट पाहतंय. तुम्ही रोज शट डाउन करता, पण 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच उचलली जाते. म्हणून अपडेटच्या हिशेबी रीस्टार्ट झालेलाच नसतो. स्टार्टच्या पॉवर बटणावर 'अपडेट अँड रीस्टार्ट' दिसतं ते एकदा करा. ठिपका तिथेच जाईल. कायमचा उपाय हवा असेल तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही निळी ओळ, आणि मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. ती निळी ओळ दाबल्याशिवाय खालची खूण करडीच राहते. पुष्कळ जण तिथेच अडकतात. एसएसडी असेल तर सुरू व्हायला लागणाऱ्या वेळात फारसा फरक पडत नाही.

रीस्टार्ट करूनही तोच अपडेट पुन्हा पुन्हा येत असेल तर तो फसतोय. 'अपडेट हिस्टरी'त त्रुटीचा क्रमांक असतो. विंडोज १० वर जानेवारी २०२४ चा केबी ५०३४४४१ हा अपडेट असाच ८००७०६४३ ही त्रुटी देत असंख्य मशीनवर अडकला होता. कारण एवढंच की रिकव्हरी पार्टिशनमध्ये (मशीन बिघडल्यास दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग) त्याला २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती नव्हती. अशा वेळी सूचना दाबून उपयोग नाही, कारण दूर करावं लागतं.

मग सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे 'नोटिफाय मी व्हेन अ रीस्टार्ट इज रिक्वायर्ड' बंद करा. 'गेट मी अप टु डेट' हे तर बंदच हवं, कारण ते चालू असलं की कामाच्या वेळेतही मशीन स्वतःहून रीस्टार्ट होऊ शकतं. 'ॲक्टिव्ह अवर्स' मॅन्युअल करून सकाळी ७ ते रात्री १ ठेवा. १८ तासांपेक्षा मोठा पट्टा मिळत नाही.

नियमावली

११ प्रो आहे म्हणजे तुमच्याकडे ग्रुप पॉलिसी (विंडोजचे नियम एका जागी ठरवायची सोय) आहे, आणि खरा इलाज तिथे आहे. विंडोज आणि आर दाबून 'जीपीएडिट डॉट एमएससी' चालवा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट, मॅनेज एंड यूजर एक्सपीरियन्स. त्यात 'डिस्प्ले ऑप्शन्स फॉर अपडेट नोटिफिकेशन्स' ही पॉलिसी एनेबल्ड करा. खालच्या यादीत ०, १ आणि २ असे पर्याय येतील. १ निवडा, २ नको. १ म्हणजे बाकी सगळ्या सूचना बंद, रीस्टार्टचा इशारा मात्र येईल. २ ने तो इशाराही जातो. ॲक्टिव्ह अवर्स संपल्यावर मशीन न सांगता रीस्टार्ट होतं, आणि रात्री उघडं ठेवलेलं काम सकाळी गेलेलं असतं. २ हा पर्याय दुकानातल्या किंवा प्रतीक्षालयातल्या पडद्यांसाठी ठीक आहे, जिथे समोर कुणी काम करत नसतं.

पॉलिसी लगेच लागू व्हावी म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'जीपीअपडेट'ला 'फोर्स' जोडून चालवा, नाहीतर एक रीस्टार्ट द्या. त्यानंतर अपडेटच्या पानावर 'काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसेल. घाबरू नका, ती संस्था म्हणजे तुम्हीच. पॉलिसी लागली याची ती खूण आहे.

तारीखवार

वरच्या दोघांनी सांगितलेलं करावंच, पण जीएसटीचं काम असेल तर अपडेटचं वेळापत्रकच आपल्या सोयीने वळवता येतं.

मायक्रोसॉफ्टचे मासिक सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी १० वाजता निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे ऑफिसचं मशीन ते बुधवारी सकाळी उतरवायला घेतं. हा बुधवार ९ ते १५ तारखांमध्येच पडतो. मासिक जीएसटीआर-१ या विवरणपत्राची मुदत ११ तारीख, जीएसटीआर-३बी ची २०. टक्कर होते ती इथे.

तेव्हा दर महिन्याच्या ७ तारखेला 'पॉज अपडेट्स'मध्ये २ आठवडे निवडा. २१ पर्यंत शांतता. ३बी भरून झाली की 'रीझ्यूम' करा, अपडेट बसू द्या आणि त्याच संध्याकाळी रीस्टार्ट. सलग ३५ दिवसांपेक्षा जास्त पॉज मिळत नाही, आणि मुदत संपली की आधीचं सगळं बसवल्याशिवाय पुन्हा पॉज करता येत नाही. म्हणून महिना ओलांडू देऊ नका. पॉज करण्यापूर्वी रीस्टार्ट बाकी नाही ना, ते पाहा. जे आधीच उतरून बसलंय त्याला पॉज अडवत नाही.

११ वर 'गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल' बंद ठेवा. ते चालू असेल तर महिनाअखेरचे ऐच्छिक पूर्वावलोकनाचे अपडेटही येतात आणि रीस्टार्टची सूचना आणखी एकदा.

जुनीखिडकी

विंडोज १० होमचं मी सांगते. होममध्ये ग्रुप पॉलिसी नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची अंतर्गत नोंदवही) तेच आकडे हाताने टाका असं सुचवणारे भेटतील, पण सूचनांच्या या पॉलिसीला होम आवृत्तीत अधिकृत आधार नाही. त्यावर विसंबू नका.

पूर्ण स्क्रीन दोन प्रकारचे असतात. एक 'डिव्हाइसची मांडणी पूर्ण करा' म्हणणारा. त्यासाठी सेटिंग्ज, सिस्टम, नोटिफिकेशन्स अँड ॲक्शन्समध्ये वेलकम एक्सपीरियन्स, 'सजेस्ट वेज' आणि 'टिप्स' या तिन्ही खुणा काढा. दुसरा विंडोज ११ चा. त्यात 'विंडोज १० वरच राहा' अशा अर्थाचा बारीक अक्षरांतला दुवा शोधून तो दाबा. मोठं निळं बटण दाबू नका. अपडेटच्या पानावरही 'स्टे ऑन विंडोज १० फॉर नाऊ' दिसतं, तेही करा.

बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारी मशीनची मूळ सेटिंग्ज) जाऊन टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) बंद करण्याचा सल्ला मिळाला तर अजिबात ऐकू नका. टीपीएम नसेल तर ११ ची ऑफर येत नाही हे खरं, पण डिस्कवर एन्क्रिप्शन चालू असेल तर पुढच्या वेळी मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती हाताशी नसेल तर टॅलीचा डेटा आतच राहील.

आणखी एक. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेचे अपडेट हवेत म्हणता, तर अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटच्या नोंदणीसाठी 'एन्रोल नाऊ' दिसेल, ते करा. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडला तर ते फुकट आहे, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढे रुपये. त्यावर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. हे केलं नाही तर सूचना बंद होतील, पण त्यांच्याबरोबर संरक्षणही.

जमाखर्च

फास्ट स्टार्टअप चालूच होतं. ते बंद करून रीस्टार्ट दिला, ठिपका गेला. सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. हॉटस्पॉट 'मीटर्ड' (डेटा जपून वापरायचं कनेक्शन) केला तर चालेल का? आणि जावाची आपोआप अपडेट तपासण्याची खूण काढली तरी पुन्हा लागते, ते का?

खटपट्या

मीटर्ड जरूर करा. सेटिंग्ज, नेटवर्क, वाय-फाय, त्या हॉटस्पॉटचे प्रॉपर्टीज, 'मीटर्ड कनेक्शन'. मग अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधलं 'डाउनलोड ओव्हर मीटर्ड कनेक्शन्स' बंद. दोन परिणाम लक्षात ठेवा. वनड्राइव्ह सिंक करणं थांबवतं, त्यामुळे टॅलीचा बॅकअप तिथे जात असेल तर तो गेला का हे रोज पाहायला हवं. आणि नवा प्रिंटर जोडला तर ड्रायव्हर उतरत नाही. तेवढ्यापुरतं मीटर्ड काढा.

जावाची खूण परत लागते कारण कंट्रोल पॅनलमधून उघडलेल्या खिडकीला ती बदलायचा अधिकार नसतो. बदल केल्यासारखं दिसतं, जतन होत नाही. प्रोग्राम फाइल्समधल्या जावाच्या फोल्डरात 'बिन' आहे, त्यातल्या 'जावासीपीएल'वर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. अपडेट टॅबवरची खूण काढा, 'डू नॉट चेक' निवडा, अप्लाय. खिडकी बंद करून पुन्हा उघडा आणि खूण खरंच गेली का ते बघा. ३२ बिटी जावा असेल तर तो एक्स८६ लिहिलेल्या प्रोग्राम फाइल्समध्ये सापडेल.

जावाचे सुरक्षा अपडेट जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी निघतात. त्या चार महिन्यांत ३बी भरून झाल्यावर हाताने बघायचं. मात्र बसवण्याआधी तुमची डिजिटल सहीची युटिलिटी कोणत्या आवृत्तीवर चालते ते तिच्या पोर्टलवर तपासा.