बूटलोडरमध्ये ड्रायव्हर मॉडेल कशाला?

कृष्णाकाठ (सांगली):
वर एका सदस्याने लिहिले आहे, की बूटलोडरने (यंत्र चालू होताच आधी धावणाऱ्या प्रोग्रामने) रॅम सुरू करावी, कर्नल (लिनक्ससारख्या प्रणालीचा गाभा) लोड करावा आणि बाजूला व्हावे. ड्रायव्हरांची (एकेक उपकरण चालवणाऱ्या कोडची) सामायिक चौकट हा लिनक्सचा संसार आहे, तो इथे थाटू नये. हे वाचून गप्प राहवले नाही. २०१४ मध्ये यू-बूट या बूटलोडरमध्ये ड्रायव्हर मॉडेल, म्हणजे हीच सामायिक चौकट, आले. त्यापूर्वी प्रत्येक एसपीआय (चिपांना जोडणारी सिरियल वाहिनी) ड्रायव्हर त्याच नावाची फंक्शने स्वतःच्या फाइलीत लिहीत असे, त्यामुळे एका बिल्डमध्ये दोन ड्रायव्हर घेतले की लिंकर (कोडचे तुकडे जोडणारे साधन) तिथेच अडत असे. द्राक्षबागेच्या ठिबक नियंत्रकावर आम्हाला फ्लॅशसाठी प्रोसेसरचा कंट्रोलर आणि डिस्प्लेसाठी जीपीआयओवरचा (साध्या पिनांवर सॉफ्टवेअरने चालवलेला) एसपीआय, असे दोन्ही हवे होते. फंक्शनांची नावे हाताने बदलून मी ते चालवले आणि पुढच्या आवृत्तीवर जाताना तेच काम पुन्हा पहिल्यापासून केले.

अजिंक्यतारा (सातारा):
ते लिहिणारा मीच. ऑलविनर ए२० या चिपचा बूट रॉम (चिपमधलाच पहिला कोड) एसपीएलचे (यू-बूटच्या छोट्या पहिल्या टप्प्याचे) फक्त ३२ किलोबाइट उचलतो. त्यात डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या उपकरणांचे वर्णन) वाचणारी लायब्ररी, युक्लास (एका प्रकारच्या ड्रायव्हरांची सामायिक बाजू) आणि सुरुवातीचा हीप (लागेल तशी वाटून घ्यायची मेमरी) कोंबायचा असेल, तर जागा कुठून आणायची? मी त्रुटींचे संदेश काढून टाकून एसपीएल बसवला. नंतर शेतावर बोर्ड बंद पडला तेव्हा कारण सांगणारी एक ओळही कन्सोलवर आली नाही. शेतीपंपाची वीज दिवसातून अनेकदा जाते, दर वेळी नियंत्रक नव्याने उठतो. तिथे एकेका सेकंदाचा हिशेब द्यावा लागतो.

मिरज जंक्शन:
आपण दोघेही खरे दुखणे सोडून बोलत आहात. चिपविक्रेता कित्येक वर्षे जुन्या यू-बूटची स्वतःची प्रत हाती ठेवतो आणि मुख्य शाखेतली (यू-बूटच्या मूळ प्रकल्पातली) दुरुस्ती तीत कधीच येत नाही. माझ्या बोर्डावरचा एमएमसीचा (मेमरी कार्डाचा) दोष मुख्य शाखेत केव्हाच सुटला होता, तरी ग्राहकाच्या शिव्या मी खाल्ल्या.

अजिंक्यतारा (सातारा):
त्या जुन्या प्रती टिकल्या त्या ड्रायव्हर मॉडेलमुळेच! जुन्या पद्धतीचे बोर्ड वेळेत बदलले नाहीत म्हणून मुख्य शाखेतून काढले गेले. छोट्या कारखान्याने माणूस कुठून आणावा?

मिरज जंक्शन:
माणूस नाही, ही सबब झाली. बोर्ड विकताना दहा वर्षांची जबाबदारी घेता, मग ड्रायव्हर बदलण्याचे काम दुसऱ्याने का करावे?

कृष्णाकाठ (सांगली):
सेकंदांचा मुद्दा मात्र तपासून मांडावा. या मॉडेलमध्ये उपकरण आधी फक्त त्याच्या ड्रायव्हरशी बांधले जाते. त्याचा प्रोब (प्रत्यक्ष सुरुवात) साधारणपणे वापराची वेळ आल्यावरच होतो. न लागणारा यूएसबी कुणी उठवत बसत नाही. जागेसाठी ऑफ-प्लॅटडेटा आहे: बिल्डच्या वेळीच डिव्हाइस ट्रीची सी-रचना होते आणि एसपीएलमध्ये ती लायब्ररी लागत नाही.

अजिंक्यतारा (सातारा):
ऑफ-प्लॅटडेटा मी वापरून पाहिलेला नाही, एवढे मान्य करतो. यू-बूटच्या मुख्य भागात चौकट असावी, याला आता माझा विरोध नाही. एसपीएलविषयीचे मत मात्र ३२ किलोबाइटमध्ये, त्रुटींच्या संदेशांसह बसलेली मॅप फाइल (कोणता कोड किती जागा घेतो याची यादी) आपण इथे टाकल्याशिवाय बदलणार नाही.