मदत हवी आहे : मणक्याच्या दुखापतीवर स्टेम सेल उपचार

नमस्कार मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले. १४ महिन्यांपूर्वी केळीचे घड भरताना धाकटा भाऊ ट्रकवरून पडला. डी-१२ (पाठीचा बारावा) मणका मोडला, ऑपरेशन झालं, रॉड टाकले, पण कमरेखाली संवेदना नाही. आई रोज त्याचा अंगठा चिमटीत धरून विचारते, "लागतंय का रे?" तो नाही म्हणून मान हलवतो.

आता एक दवाखाना म्हणतोय, कमरेच्या हाडातून मगज काढून त्यातल्या स्टेम सेल (मूळ पेशी) पाठीत सोडू, तीन वेळा. खर्च लाखांत. वडील अर्धा एकर विकायला निघालेत.

मी वाचलं ते असं : आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमावलीनुसार मज्जारज्जूच्या दुखापतीवर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. जपानने २०१८ मध्ये अशा एका उपचाराला सशर्त परवानगी दिली, पण तो दुखापतीनंतर लवकर द्यायचा असतो. आमचं तर वर्ष उलटलं. दवाखान्याला सीटीआरआय (अशा चाचण्यांची देशातली नोंदवही) नोंदणी क्रमांक मागितला, तर विषयच बदलला.

कुणी हा उपचार घेतलाय का? खरंच काही फरक पडला? सीटीआरआयवर सध्या कुठली चाचणी रुग्ण घेतेय का, हे कुणी शोधून देईल? शिवाय जळगाव-भुसावळकडे मणक्याच्या रुग्णांची चांगली फिजिओथेरपी कुठे होते? माकडहाडाजवळ जखम व्हायला लागलीय, त्याचंही सांगा. पुढच्या आठवड्यात जमिनीचा इसार ठरतोय, त्याआधी कळलं तर फार उपकार होतील.