चर्चा: नौदलात बढतीसाठी आपण होऊन पुढे यावे, की वरिष्ठांच्या नजरेची वाट पाहावी?

निवृत्त मास्टर चीफ, सुदामानगर, इंदूर

इंदूरच्या मराठी घरांना भूदल परिचयाचे आहे. महू शेजारीच असल्यामुळे हुद्दे, पलटणी आणि छावणीतील रीतिरिवाज आपल्या कानांवर लहानपणापासून पडत आले आहेत. नौदल मात्र आपल्यापासून समुद्राइतकेच दूर राहिले. त्यामुळे नौदलातून सुट्टीवर आलेल्या मुलाला घरची वडील मंडळी जो सल्ला देतात, तो बहुधा बँकेतल्या, शाळेतल्या किंवा गिरणीतल्या नोकरीच्या अनुभवावर बेतलेला असतो: मान खाली घालून काम करावे, वरिष्ठांचे लक्ष असतेच, आपण होऊन काही मागू नये. मी सीमन म्हणून भरती झालो आणि मास्टर चीफ पेटी ऑफिसर, प्रथम श्रेणी, म्हणून निवृत्त झालो. माझे स्पष्ट मत आहे की हा सल्ला नौसैनिकाचे नुकसान करतो.

सीमन, लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर आणि त्यानंतर मास्टर चीफच्या दोन श्रेणी, अशी नौसैनिकाची चढण आहे. ज्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये बदल्या आणि बढत्यांचे काम चालते, ते मुंबईत. नौसैनिक त्या वेळी अंदमानजवळ असेल किंवा एडनच्या आखातात. निर्णय घेणाऱ्याने त्याला काम करताना पाहिलेले नसते. त्याच्यासमोर असतात त्या उत्तीर्ण केलेल्या परीक्षा, पुरे केलेले कोर्स, समुद्रावरील सेवेचा काळ आणि वर्तन व कार्यक्षमता यांविषयीचा दर वर्षीचा शेरा. जहाजावरचा माणूस चोवीस तास पाळ्यांनी चालणाऱ्या वॉचमध्ये (कामाच्या पाळीत) इतका गुंतलेला असतो की टास्क बुकवर (शिकलेल्या कामांच्या नोंदवहीवर) सही घेणे, परीक्षेसाठी नाव देणे, झालेल्या कोर्सची नोंद कागदपत्रांत चढली की नाही हे पाहणे, या गोष्टी सहज मागे पडतात, आणि एक परीक्षा चुकली की बरोबरीची मुले पुढे निघून जातात.

घरच्यांना हे उशिरा कळते, त्याचे आणखी एक कारण आहे. बढती नसली तरी वेतन वाढवणाऱ्या एमएसीपी योजनेप्रमाणे ८, १६ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर वरचा वेतनस्तर मिळतो, त्यामुळे घरी येणारे पैसे वाढतात आणि सगळे सुरळीत चालले आहे असे वाटते. हुद्दा, हाताखालची माणसे आणि निर्णयाचा अधिकार मात्र त्या योजनेने मिळत नाही. शिवाय सेवेत किती काळ राहता येईल, हेही हुद्द्यावरच अवलंबून असते.

मागण्यासाठी नौदलाने रीतसर वाट ठेवलेली आहे. प्रत्येक नौसैनिक एखाद्या डिव्हिजनल ऑफिसरच्या, म्हणजे त्याच्या गटाची काळजी वाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, अखत्यारीत असतो, आणि 'रिक्वेस्ट', म्हणजे रीतसर अर्ज, टाकून आपले म्हणणे पायरीपायरीने कमांडिंग ऑफिसरपर्यंत नेता येते. ही वाट धरणाऱ्याला पुढेपुढे करणारा ठरवणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी अवश्य लिहावे.

निवृत्त कमांडर, लोकमान्यनगर, इंदूर

मास्टर चीफ, नोंदी तपासाव्यात आणि परीक्षेसाठी नाव द्यावे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. माझा विरोध त्यापुढील टप्प्याला आहे. बढती मिळवण्याची गोष्ट झाली की माणसाचे लक्ष जहाजावरून स्वतःच्या कागदांवर सरकते, आणि अधिकाऱ्यांच्या बाबतीत याचे परिणाम मी जवळून पाहिले आहेत.

अधिकाऱ्यांच्या बढत्यांचा फेरविचार करणाऱ्या ए. व्ही. सिंग समितीच्या शिफारशी लागू झाल्यापासून अधिकारी २ वर्षांनी लेफ्टनंट, ६ वर्षांनी लेफ्टनंट कमांडर आणि १३ वर्षांनी कमांडर होतो. आवश्यक अटी पूर्ण केल्या तर इथपर्यंत स्पर्धा नाही. कॅप्टनपदासाठी मात्र निवड मंडळ बसते, आणि जागा थोड्या असल्यामुळे बरेच चांगले अधिकारी तिथे थांबतात; त्यांना पुढे २६ वर्षांच्या सेवेनंतर कॅप्टनचा हुद्दा मिळतो, पण तो निवडीने नव्हे, केवळ सेवेच्या वर्षांवर. ही अरुंद जागा समोर दिसू लागली की काहींचे वागणे बदलते. गोपनीय अहवालाच्या दिवसांत यंत्रातला बिघाड वर कळवायला उशीर करायचा, जोखमीचा सराव पुढे ढकलायचा, ज्याच्या हाती अहवाल आहे त्याला न आवडणारे मत मांडायचे नाही, असे प्रकार होतात. बंदरात ते खपून जाते. समुद्रात त्याची किंमत खालच्या डेकवरील माणसे मोजतात. नौदलाने २०२३ च्या अखेरीस बढती मंडळांसाठी चहूबाजूंनी मूल्यमापनाची पद्धत आणली आणि सहकारी व हाताखालच्यांची मते विचारात घेण्याचे ठरवले, ते योग्यच झाले. केवळ वरून पाहिल्यावर माणूस पुरता दिसत नाही.

खरा गौरव मागून येत नाही, असे मी मानतो. डिसेंबर १९७१ च्या युद्धात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील मोंगला आणि खुलना या भागात, कमांडर मोहन नारायण राव सामंत यांच्या नेतृत्वाखाली गनबोटींची जी कारवाई झाली, तिच्यात पद्मा आणि पलाश या बोटी आपल्याच विमानांच्या हल्ल्यात बुडाल्या. सामंतांना महावीरचक्र मिळाले, आणि त्याच मोहिमेतील लीडिंग सीमन चिमन सिंग यादव यांनाही तेच पदक मिळाले. एक कमांडर आणि एक लीडिंग सीमन यांची छाती एकाच पदकाने सजली, आणि दोघांपैकी कोणीही त्या दिवसांत आपल्या नोंदींचा विचार करत नसणार.

नौदल अधिकाऱ्याची पत्नी, माहेर रामबाग, इंदूर

कमांडर साहेब, आपल्याविषयी आदर ठेवूनच लिहिते. मागितल्याशिवाय मिळते, हे ज्यांच्यासाठी दार आधीच उघडे होते त्यांना म्हणता येईल. नौदलात स्त्री अधिकारी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहेत. पण अनेक वर्षे बहुतेकींना शॉर्ट सर्व्हिस कमिशनवरच (ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच), जास्तीत जास्त १४ वर्षे, सेवा करता आली. ज्या सेवेत कमांडरचा हुद्दाच तेराव्या वर्षी येतो, तिथे चौदाव्या वर्षी घरी जाणाऱ्या स्त्रीने पुढच्या निवडीची अपेक्षा कशी करायची? १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेफ्टनंट कमांडर ॲनी नागराजा आणि इतर अधिकाऱ्यांच्या प्रकरणात स्त्रियांच्या कायमस्वरूपी कमिशनच्या बाजूने निकाल दिला, तो त्या न्यायालयात गेल्या म्हणून. कोणाचे आपण होऊन लक्ष जाईल अशी वाट पाहिली असती, तर हा निकाल कधीच आला नसता.

निवृत्त कमांडर, लोकमान्यनगर, इंदूर

ताई, आपले उदाहरण योग्य आहे, पण ते समान संधीच्या हक्काचे आहे. हक्क मागावा, प्रसंगी भांडून मागावा. माझे बोलणे शाबासकीविषयी आहे. दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घातल्या तर शाबासकीलाही आपण हक्क मानू लागू, आणि ज्याला ती मिळाली नाही तो प्रत्येक जण स्वतःवर अन्याय झाला असे समजेल.

अग्निवीराचे वडील, राजेंद्रनगर, इंदूर

मास्टर चीफ साहेब, कमांडर साहेब, आपण दोघेही पूर्ण सेवा केलेली माणसे आहात. माझ्या मुलाजवळ चार वर्षे आहेत. ओडिशातील चिल्का येथील नौदलाचे प्रशिक्षण संपवून तो सध्या एका जहाजावर आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातील, बाकीचे सेवानिधी (मुदतीअखेर मिळणारी एकरकमी रक्कम) घेऊन परत येतील. सेवानिधीची रक्कम आमच्यासारख्या घराला लहान नाही, पण मुलाने नौदल पैशासाठी निवडले नव्हते. त्याला गणवेश हवा आहे.

मास्टर चीफ साहेबांचा सल्ला मला त्याला द्यावाच लागेल, कारण वाट पाहायला वेळ कुठे आहे? पण माझ्या मनात एक भीती आहे. एका मेसमध्ये, म्हणजे जहाजावरील राहण्याच्या एकाच जागेत, झोपणारी चार मुले आणि त्यांपैकी एकच राहणार, हे चौघांनाही ठाऊक आहे. अशा वेळी पंपाचा दोष ज्याला पटकन सापडतो, तो शेजारच्याला ते कौशल्य शिकवील का? मी कारखान्यात नोकरी केली. तिथे हाताखालच्याला शिकवणारा फिटर आणि हातचे राखून ठेवणारा फिटर, दोन्ही पाहिले आहेत. जहाजाला आग लागली तर शेजारचा मुलगा किती जाणतो यावरच माझ्या मुलाचा जीव अवलंबून असेल. म्हणून विचारतो, पुढे येण्याच्या नादात ही मुले एकमेकांपासून दूर जाणार नाहीत याची काळजी कोणी घ्यायची?

निवृत्त मास्टर चीफ, सुदामानगर, इंदूर

दादा, तुमचा प्रश्न या सगळ्या चर्चेतला सर्वांत कठीण आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. शिकवणारा मागे पडतो, असा माझा अनुभव नाही. पेटी ऑफिसर आणि चीफ यांना जहाजावर पहिली गरज असते ती चार माणसांकडून काम करून घेऊ शकणाऱ्या मुलाची. नवा ड्राफ्ट, म्हणजे नव्याने नेमलेला नौसैनिक, जहाजावर आला की त्याला कोणाच्या हाती द्यायचे, हे ठरवताना आम्ही शिकवणाऱ्याचेच नाव घेत असू. आग विझवण्याच्या आणि गळती रोखण्याच्या सरावात तर एकट्याच्या हुशारीला काही अर्थच नसतो. पथक कोण उभे करतो, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. तरीही तुमच्या भीतीत तथ्य आहे. शिकवणे हेही काम म्हणून शेऱ्यात उतरले पाहिजे, आणि ते तिथे उतरवून घेणे ही चीफची जबाबदारी आहे. मुलाला सांगा की त्याने डिव्हिजनल ऑफिसरला भेटून आपले कुठे कमी पडते ते वर्षाच्या मध्यावरच विचारावे. वर्षअखेरीस शेरा लिहून झाल्यावर विचारण्यात काही हाशील नाही. नियमित सेवेत घेतला गेला, तर पुढे कमिशनसाठी सीडब्ल्यू (कमिशन वर्दी, म्हणजे कमिशनला पात्र) योजनेची वाटही आहे, जिच्यात नौसैनिक कमांडिंग ऑफिसरच्या शिफारशीने परीक्षा आणि एसएसबी (अधिकारी निवड मंडळाची चाचणी) देऊन अधिकारी होऊ शकतो.

सर, आता आपल्या १९७१ च्या उदाहरणाविषयी. सामंत साहेब आणि चिमन सिंग यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण चिमन सिंगांचे शौर्य राष्ट्रपतींपर्यंत कसे पोहोचले, याचाही विचार व्हावा. ते जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडले होते. तिथे जे घडले ते कोणी तरी पाहिले, सांगितले, शिफारस म्हणून कागदावर लिहिले आणि ती पायरीपायरीने वर गेली. लढाईतल्या पराक्रमाला साक्षीदार असतात. मध्यरात्रीच्या वॉचमध्ये बॉयलर रूमच्या उष्णतेत ज्याने वाफेची गळती वेळीच ओळखून जहाज थांबू दिले नाही, त्याच्या कामाला साक्षीदार नसतो, आणि सकाळी सगळे नीट चालू असल्यामुळे काही घडले होते हेच कोणाला कळत नाही. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला प्रशस्तिपत्रांच्या याद्या निघतात. मी बरीच वर्षे पाहिले आहे की त्या यादीत कार्यालयातील, वरिष्ठांच्या समोर काम करणारी नावे सहज पोहोचतात आणि इंजिन रूममधील नावे कष्टाने पोहोचतात. त्या माणसाने दुसऱ्या दिवशी लॉगबुकात स्वच्छ नोंद करून ती अधिकाऱ्याला दाखवली, तर आपण त्याला शाबासकीचा भुकेला म्हणणार का?

निवृत्त कमांडर, लोकमान्यनगर, इंदूर

नाही, म्हणणार नाही. पण मास्टर चीफ, आपण जे वर्णन केले त्यात दोष कोणाचा आहे? ज्या अधिकाऱ्याने मध्यरात्री इंजिन रूममध्ये पाय ठेवला नाही, त्याचा. हाताखालच्या माणसाचे काम शोधून काढणे आणि त्यासाठी लेखणी उचलणे ही अधिकाऱ्याच्या कर्तव्यातली गोष्ट आहे. नौसैनिकाला स्वतःची आठवण करून द्यावी लागली, तर तिथे डिव्हिजनल पद्धत हरली असे मी समजतो. आपण मुलांना मागायला शिकवाल, तर अधिकाऱ्यांना हे ओझे खाली ठेवायला निमित्त मिळेल, आणि जो बोलू शकत नाही, ज्याची हिंदी किंवा इंग्रजी कच्ची आहे, तो आणखीच मागे राहील. सबंध जहाजाला मिळणारे युनिट सायटेशन (सामूहिक प्रशस्तिपत्र) मला वैयक्तिक प्रशस्तिपत्रापेक्षा नेहमी मोठे वाटत आले ते याचसाठी, की त्यात न बोलणाराही सामावतो.

निवृत्त मास्टर चीफ, सुदामानगर, इंदूर

सर, जो बोलू शकत नाही त्याच्यासाठी तर मी हे लिहिले. अधिकारी कसा असावा, यात आपण म्हणता ते शब्दशः मान्य आहे. पण तसा अधिकारी लाभेलच असे नाही, आणि लाभला तरी दोन-अडीच वर्षांत त्याची बदली होते. नव्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. नौसैनिकाची कागदपत्रे मात्र एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर त्याच्याबरोबर जातात, म्हणून ती पूर्ण असावीत असा माझा आग्रह राहील.

अग्निवीराचे वडील, राजेंद्रनगर, इंदूर

रविवारी मुलाचा फोन आला की डिव्हिजनल ऑफिसरला भेटायला सांगतो. कमांडर साहेबांचे म्हणणेही सांगणार आहे. पुढील महिन्यात तो सुट्टीवर येतो आहे. आपण दोघांनी परवानगी दिलीत तर त्याला भेटीसाठी घेऊन येईन.